मदत येईपर्यंतची दहा मिनिटे

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचा भारतातला वाहन परवाना तिथे स्थायिक झाल्यापासून पहिले सहा महिनेच चालतो. त्यानंतर जर्मन परवाना काढावा लागतो, आणि त्याच्या अर्जाला डोळे तपासल्याच्या दाखल्याबरोबर प्रथमोपचाराचा वर्ग पूर्ण केल्याचाही दाखला जोडावा लागतो. पंचेचाळीस मिनिटांच्या नऊ तासिका, म्हणजे बहुधा शनिवारचा आख्खा दिवस. रेड क्रॉस, योहानिटर, मालटेझर किंवा एएसबी अशा एखाद्या संस्थेच्या खोलीत पंधरा-वीस जण जमतात. निम्मी शाळेतली मुले असतात, बाकीचे आपल्यासारखे बाहेरून आलेले. गुडघ्यावर बसून पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायचा, एकमेकांना कुशीवर वळवायचे, शेजाऱ्याच्या हाताला पट्टी बांधायची. आपल्यातले बरेच जण हा दिवस परवान्याच्या वाटेतला एक सोपस्कार म्हणून उरकतात. मला मात्र ठामपणे वाटते, की परदेशातल्या वास्तव्यात एका दिवसात मिळणारे इतके मोलाचे शिक्षण दुसरे नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. हृदय बंद पडले, की तीन ते पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. जर्मनीतली रुग्णवाहिका सेवा अतिशय चांगली आहे. तरीही हाक गेल्यापासून घटनास्थळी पोचायला तिला साधारण दहा ते पंधरा मिनिटे लागतील, असे तिथल्या राज्यांनीच धरून ठेवले आहे. या दोन आकड्यांमधले अंतर कितीही पैसा ओतून रुग्णवाहिकेला भरून काढता येणार नाही. ते अंतर शेजारी उभा असलेला माणूसच भरू शकतो. मग ती बायको असो, सहकारी असो, की बसथांब्यावरचा परका.

हा विचार आज सरळ वाटतो, पण दीडशे वर्षांपूर्वी तो वादाचा होता. जर्मनीत तो रुजवला फ्रीडरिश फॉन एस्मार्ख या शल्यविशारदाने. १८२३ साली उत्तर समुद्राजवळच्या ट्योनिंग गावी जन्मलेले एस्मार्ख तरुण वयातच डेन्मार्कविरुद्धच्या लढाईत सामील झाले, पुढे आणखी युद्धे त्यांनी सर्जन म्हणून पाहिली आणि कील विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. हातापायाला रबरी पट्टी घट्ट गुंडाळून रक्त वर सारायचे आणि मग जवळजवळ रक्तहीन शस्त्रक्रिया करायची, ही त्यांची १८७३ची पद्धत. ती पट्टी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. सैनिकांसाठी त्यांनी त्रिकोणी कापड लोकप्रिय केले आणि त्याच कापडावर वापराची चित्रे छापून घेतली: डोक्याला कसे बांधायचे, हात गळ्यात कसा अडकवायचा, गुडघ्याला कसे गुंडाळायचे. वाचता न येणाऱ्या सैनिकालाही कापड उलगडताच उपचार समजावा, ही योजना मला त्यांच्या सगळ्या शोधांत मोठी वाटते.

१८८१ साली वैद्यकीय परिषदेसाठी एस्मार्ख लंडनला गेले. तिथे चारच वर्षांपूर्वी सुरू झालेली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था पोलिसांना, रेल्वे कामगारांना, गृहिणींना जखमा बांधायला शिकवत होती. परत येताच १८८२ मध्ये त्यांनी कीलमध्ये असाच वर्ग उघडला. पाच व्याख्यानांचा अभ्यासक्रम होता आणि दार सर्वसामान्यांना खुले होते. ही व्याख्याने लगेच पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी भाषांतर झाले. भाषांतर करणारी होती व्हिक्टोरिया राणीची मुलगी, राजकन्या हेलेना. नात्याने ती एस्मार्ख यांच्या मेहुण्याची पत्नी. त्या काळच्या अनेक डॉक्टरांना हा उद्योग पसंत नव्हता. अर्धवट शिकलेली माणसे वैदूगिरी करू लागतील, अशी त्यांना धास्ती होती. एस्मार्ख यांचा रोख वेगळा होता: सामान्य माणसाला काय करावे हे शिकवताना काय करू नये हेही शिकवता येते, आणि अपघाताच्या जागी डॉक्टर क्वचितच असतो.

पुढचा टप्पा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. बर्लिन तेव्हा झपाट्याने वाढत होते, बांधकामे जोरात होती आणि मचाणावरून पडणे, करवतीत बोटे जाणे हे रोजचे होते. १८८८च्या नोव्हेंबरात सहा सुतारांनी पुढाकार घेऊन कामगारांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग भरवला. कोणा प्राध्यापकाने किंवा राजकन्येने त्यांना बोलावले नव्हते. आपल्या शेजारी पडणाऱ्या माणसाला आपणच वाचवायला हवे, हे त्यांनी स्वतः ठरवले. त्यातून उभी राहिलेली मंडळे १९०९ साली माग्डेबुर्गमध्ये एकत्र आली आणि आर्बायटर झामारिटर बुंड, म्हणजेच आजची एएसबी, देशव्यापी झाली. कामगार चळवळीशी नाते असल्यामुळे १९३३ मध्ये नाझींनी ती मोडीत काढली; युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. परवान्यासाठी ज्या संस्थेच्या खोलीत तुम्ही बसाल, तिच्यामागे त्या सहा सुतारांचा हात असू शकतो.

सुतारांचा तो विचार आज कायद्यात उतरला आहे. दोन ते वीस कर्मचारी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित प्रथमोपचारक हवा. त्याहून मोठ्या कार्यालयात पाच टक्के आणि कारखान्यात दहा टक्के कर्मचारी हवेत. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च अपघात विमा संस्था करते आणि दर दोन वर्षांनी उजळणी करावी लागते. कामावर झालेली छोटी जखमही नोंदवहीत लिहायची आणि ती नोंद पाच वर्षे जपायची, कारण आज किरकोळ वाटलेला ओरखडा पुढे चिघळला तर तो कामावरच झाला होता हे सिद्ध करता येते. तुमच्या मजल्यावर प्रथमोपचारक कोण आहे, हे भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असते. नाव वाचून ठेवा. त्याहून चांगले म्हणजे पुढच्या वेळी स्वतःचे नाव द्या.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे. जर्मनीत प्रत्येक मोटारीत प्रथमोपचार पेटी असणे सक्तीचे आहे. तिच्यात काय असावे हे डीआयएन १३१६४ या मानकाने ठरवलेले आहे: चिकटपट्ट्या, निर्जंतुक गादी शिवलेल्या पट्ट्या, मोठे जखमेचे कापड, कात्री, हातमोजे, ऊब राखणारी चंदेरी-सोनेरी चादर, २०२२ पासून दोन मास्क, आणि एस्मार्ख यांचे ते त्रिकोणी कापड. पेटी गाडीच्या डिकीत सामानाखाली गाडलेली असेल तर ती असून नसल्यासारखी. तिच्यावरची मुदतही कधीतरी पाहावी. जुन्या पट्ट्यांचा चिकटपणा जातो, वेष्टन फाटले की निर्जंतुकपणाही जातो.

रक्त वाहत असेल तर पहिले काम म्हणजे दाबणे. हातमोजे घालून, स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबायचे आणि सारखे उचलून पाहायचे नाही. मग गादीची पट्टी गुंडाळायची, तिच्यावर न उघडलेले दुसरे पट्टीचे पाकीट ठेवायचे आणि त्यावरून पुन्हा घट्ट बांधायचे. त्या पाकिटाचा दाब नेमका जखमेवर बसतो. काचेचा तुकडा किंवा सुरी आत रुतली असेल तर ती उपटायची नाही, कारण बऱ्याचदा तिनेच रक्त अडवून धरलेले असते. तुटलेले बोट स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी; बोटाला बर्फ थेट लागू देऊ नये. हातापायातून उसळणारे रक्त दाबूनही थांबत नसेल, तेव्हाच जखमेच्या वर करकचून पट्टा आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. जखमेवर हळद, चुना, कॉफीची पूड काहीही दाबू नये. घरच्या आठवणीने हात हळदीच्या डब्याकडे जातो हे खरे, पण तीच पूड नंतर रुग्णालयात खरवडून काढावी लागते.

भाजण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लहान मुले असलेल्या घरात ही दुर्घटना अधिक होते. पाणी उकळायची विजेची किटली ओट्याच्या कडेला, तिची वायर लोंबती, आणि नुकतेच उभे राहू लागलेले बाळ. चहाचा कप ओढला गेला तरी बाळाची छाती आणि मान होरपळते. भाजलेल्या जागेवर आपल्याकडे टूथपेस्ट, शाई किंवा तूप लावायची रीत आहे, तर जुन्या जर्मन घरांत पीठ आणि लोणी लावत. दोन्ही सारखीच चुकीची: उष्णता आत कोंडते आणि त्वचा किती गेली हे डॉक्टरला दिसत नाही. भिजलेले गरम कपडे आणि बाळाचा डायपर ताबडतोब काढावा, मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी उतरवावी. नळाच्या साध्या, सोसवेल अशा पाण्याखाली दहा ते वीस मिनिटे धरावे. बर्फ नको. मात्र बाळाचे किंवा मोठ्या भागावर भाजलेल्या माणसाचे अंग गार करत बसू नये. शरीराचे तापमान घसरून दुसरेच संकट ओढवते. अशा वेळी निर्जंतुक कापड सैल पांघरायचे, बाकीचे अंग उबदार ठेवायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. फोड फोडू नयेत, हे सांगायला नकोच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समोरचा माणूस कोसळला. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर डोके मागे झुकवून हनुवटी वर उचला, कान त्याच्या नाकाजवळ न्या आणि छातीकडे पाहत जास्तीत जास्त दहा सेकंद श्वास तपासा. श्वास नीट चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी किंवा जीभ घशात अडकणार नाही. श्वास नसेल, किंवा मासळीसारखे अधूनमधून आचके येत असतील, तर हृदय बंद पडले असे समजा. आचक्यांना श्वास समजून लोक थांबून राहतात आणि तिथेच जीव जातो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि दाब सुरू करा: छातीच्या मध्यभागी, एका तळहातावर दुसरा, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेला माणूस ३० दाबांनंतर २ श्वास देतो. श्वास देणे जमत नसेल, नको वाटत असेल, तर नुसते दाबत राहा. बरगडी मोडेल अशी भीती वाटते. मोडतेही कधी; मोडलेली बरगडी सांधते.

जवळ हिरव्या फलकावर हृदय आणि विजेचे चिन्ह दिसले, तर तिथे विजेचा झटका देणारे यंत्र आहे. काही रेल्वे स्थानकांत, विमानतळांवर, मोठ्या कार्यालयांत ते टांगलेले असते. कोणाला तरी ते आणायला पाठवा. झाकण उघडले की यंत्र बोलू लागते, चिकटायच्या पट्ट्यांवर चित्रे असतात, आणि झटक्याची गरज नसेल तर ते झटका देतच नाही. भाषा जर्मन असली तरी चित्रे पुरतात. जर्मनीत बघ्यांनी छातीवर दाब देण्याचे प्रमाण एके काळी फार कमी होते. २०१३ पासून दरवर्षी शरद ऋतूत पुनरुज्जीवनाचा सप्ताह पाळला जातो, २०१४ साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने सातवीपासून शाळेत हे शिकवण्याची शिफारस केली, आणि चित्र बदलू लागले. तपासा, बोलवा, दाबा: तिथली मुले हे तीन शब्द पाठ म्हणतात.

घशात घास अडकला आणि खोकता येत नसेल, तर माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. त्याने भागले नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट कधीही दाबायचे नाही. त्याला पालथे धरून थापा, मग उताणे करून छातीवर दाब. नाकातून रक्त आले तर मान मागे टाकायची नाही, पुढे झुकवायची आणि नाकपुड्या चिमटीत धरायच्या. फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवू नये, चप्पल तर नाहीच, दातांत चमचा घालू नये, हातपाय आवळून धरू नयेत. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवाव्यात, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत आचके थांबले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवावी. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात. झोपून बरे वाटेल म्हणून थांबायचे नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तो वेळ लक्षण दिसल्यापासून मोजतात.

दोन गोष्टी खास जर्मनीतल्या आईबापांसाठी. पहिली दाताची. सायकलवरून पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता उचलावा, घासू-पुसू नये. तिथल्या पुष्कळ शाळांत आणि तरणतलावांवर दात जपण्याची खास डबी असते. ती नसेल तर थंड दुधात टाकून लगेच दंतवैद्य गाठावा. दात पुन्हा बसू शकतो. दुसरी गोष्ट गोचिडीची. आपल्याकडे गोचीड गुराढोरांची म्हणून आपण तिला मनावर घेत नाही. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग, म्हणजे म्युनिक आणि स्टुटगार्टचा परिसर, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तोच मेंदूज्वराचे विषाणू पसरवणाऱ्या गोचिडींचा प्रमुख टापू आहे. त्यावर लस आहे आणि ती घ्यावी. गोचीड बोरेलिओसिस हा दुसरा रोगही देते. त्यावर अजून लस मिळत नाही. रानातून किंवा उंच गवतातून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, मान, केसांची कड तपासावी. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढावी. तेल, गोंद, काडीची धग यांतले काही करू नये; गुदमरलेली गोचीड पोटातले आणखी रोगजंतू ओकते. जागा लिहून ठेवा. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत तिथे वाढत जाणारा लाल गोल दिसला तर डॉक्टरकडे जा. वेळेवर प्रतिजैविक घेतले तर हा रोग बरा होतो.

मुलाने धुण्याचे द्रव किंवा गोळ्या गिळल्या तर उलटी काढवू नये, दूधही पाजू नये. बर्लिन, म्युनिक, बॉन, फ्रायबुर्ग अशा शहरांत विषबाधेची मदतवाहिनी शहराच्या कोडनंतर १९२४० या क्रमांकावर चोवीस तास चालते. मूल बेशुद्ध असेल तर मात्र सरळ ११२.

या ११२ मागे एका मुलाचा मृत्यू आहे. ३ मे १९६९ रोजी स्टुटगार्टजवळच्या विनेनडेन गावी आठ वर्षांचा ब्योर्न श्टायगर पोहून घरी परतत असताना त्याला मोटारीने धडक दिली. लोकांनी पोलिसांना आणि रेड क्रॉसला लगेच, पुन्हापुन्हा कळवले. रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास लागला. ब्योर्न जखमांनी गेला नाही, धक्क्याने गेला; वेळेत उपचार मिळता तर तो वाचला असता. त्याचे आईवडील ऊटे आणि झीगफ्रीड श्टायगर यांनी त्याच वर्षी ७ जुलैला त्याच्या नावाने प्रतिष्ठान स्थापले, रस्त्याकडेला आपत्कालीन दूरध्वनी उभारायला सुरुवात केली आणि देशभर एकच क्रमांक असावा म्हणून सरकारला न्यायालयात खेचले. २० सप्टेंबर १९७३ रोजी केंद्र आणि राज्यांनी पोलिसांचा ११० आणि ११२ देशभर लागू करण्याचे ठरवले. परवान्यासाठी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सक्तीचे झाले तेही १९६९च्याच ऑगस्टपासून.

११२ लावताना पहिल्यांदा जागा सांगावी: गाव, रस्ता, घराचा क्रमांक, मजला, दारावरच्या घंटेवरचे नाव. फोन तुटला तरी निदान गाडी निघते. मग काय झाले, किती जणांना, कोणत्या जखमा. आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तोच तुम्हाला दाब कसा द्यायचा हे फोनवर सांगत राहतो. इंग्रजीतून बहुधा काम भागते. फोनमध्ये सिमकार्ड असायला हवे; जर्मनीत २००९ पासून सिमशिवाय ११२ लागत नाही, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाला हे माहीत नसते. जिवावर न बेतलेल्या दुखण्यासाठी, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ११६११७ आहे. बिलाच्या भीतीने कोणी फोन टाळू नये. सरकारी आरोग्यविम्यात गरजेच्या रुग्णवाहिकेसाठी रुग्णाला साधारण दहा युरोच भरावे लागतात, आणि सद्हेतूने फोन करणाऱ्यावर खर्च पडत नाही.

इथे मला भारतातून आलेल्या आजी-आजोबांची आठवण होते. नातवंडाच्या जन्माला म्हणून ते काही महिने येतात. दिवसभर मुलगा आणि सून कामावर, घरात बाळ आणि ही दोघे, शेजारी भाषा कळत नाही. त्यांच्या येण्याआधी घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत, देवनागरीतही, फ्रिजवर लावा. त्यांच्या फोनमध्ये चालू सिम घाला. भारतातही आता ११२ हाच एकत्रित क्रमांक झाल्याने तो लक्षात ठेवणे अवघड नाही. त्यांच्या गोळ्यांची नावे मूळ औषधी नावांसह लिहून ठेवा, कारण भारतातले बाजारनाव जर्मन डॉक्टरला काहीच सांगत नाही.

कायद्याचा भाग उरला. जर्मन दंडसंहितेच्या कलम ३२३ क नुसार, अपघातात किंवा संकटात शक्य असूनही मदत न करणे हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी, सुट्टीच्या दिवशी, एसेन शहरात बँकेच्या पैसे काढायच्या दालनात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ कोसळले. चार ग्राहक आले, त्यांना वळसा घालून किंवा ओलांडून पैसे काढून गेले. पाचव्याने मदत बोलावली, तोवर वीसेक मिनिटे गेली होती. ते गृहस्थ काही दिवसांनी वारले. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने तिघांना २,४०० ते ३,६०० युरो दंड केला. बेघर माणूस झोपला असेल असे वाटले, हा त्यांचा बचाव मान्य झाला नाही. मदत लवकर मिळूनही ते वाचले नसते असे वैद्यकीय मत होते, तरीही. कारण कायदा फळ पाहत नाही, प्रयत्न पाहतो. स्वतःचा जीव धोक्यात घालायची अपेक्षा तो करत नाही. एक फोनही मदतच ठरतो. आणि मदत करणाऱ्याला तो उघड्यावर सोडत नाही: मदत करताना झालेली इजा सरकारी अपघात विमा भरून देतो.

आपल्याकडे ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमींना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर मोहोर उमटवली आणि २०१९च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आले: नाव सांगायची सक्ती नाही, दिवाणी-फौजदारी जबाबदारी नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका धावते. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू ही जुनी भीती आता कायद्याने निराधार झाली आहे, पण ती लोकांच्या मनातून गेलेली नाही. आणि संरक्षण मिळाले तरी हातांना कृती यावी लागते. ती शिकवण्याची सक्ती आपल्या परवान्यात नाही. ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मन व्यवस्थेतही एक मोठी फट आहे. परवान्यासाठीचा दाखला कधीच जुना होत नाही. अठराव्या वर्षी केलेल्या त्या एका दिवसावर माणूस पन्नास वर्षे गाडी चालवू शकतो, आणि मधल्या काळात नियमही बदलतात, हातही विसरतात. म्हणून कार्यालयातल्या प्रथमोपचारकांचा दोन वर्षांचा नियम प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यावा. मोठ्या शहरांत इंग्रजीतून वर्ग मिळतात, लहान मुलांसाठीचे वेगळे वर्ग असतात, आणि गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाची इतकी माणसे जमतात, तेव्हा एखादा शनिवार प्रशिक्षक बोलावूनही ठरवता येईल. हे प्रकरण वाचून हातांना काही येणार नाही. पुतळ्यावर दाब देऊनच येते. येत्या महिन्यातल्या वर्गाला नाव नोंदवा, आणि जोडीदाराचेही नोंदवा. उपचार येणारा घरातला माणूसच कोसळला, तर ते येणारे दुसरे कोणीतरी घरात हवे.